बटणं झिजतात म्हणून

माझा नवरा फोनची बटणं दाबत नाही. दाबायची वेळ आलीच, तर आधी दुसरा काही मार्ग आहे का ते बघतो. नसलाच तर बोटाचं टोक अलगद टेकवतो आणि बटण जागेवर परत आलं की नाही, ते चष्मा कपाळावर चढवून तपासतो. इतकी हळुवार वागणूक या घरात मला लग्नानंतर मिळाली होती, तीही थोडेच दिवस.

याला कारण त्याचा आधीचा फोन. त्याचं चालू-बंद करायचं बटण एकदा आत जाऊन बसलं ते वर आलंच नाही. फोन दुरुस्तीला गेला, तिथून परत आला, बटण पुन्हा बसलं, आणि शेवटी नवा घ्यावा लागला. त्या दुःखात त्याने इंटरनेटवर बरंच वाचन केलं आणि त्यातून असं ज्ञान घेऊन उठला, की प्रत्येक बटण किती वेळा दाबलं जाणार हे कारखान्यातच ठरलेलं असतं. "माणसाच्या श्वासांसारखं," तो मला म्हणाला. श्वास वाचवायला त्याने कधी तोंड मिटलेलं मला तरी आठवत नाही.

मग उपाययोजना झाल्या. स्क्रीनवर दोनदा टकटक केलं की फोन जागा होईल अशी सोय केली. आवाज कमी-जास्त करायला स्क्रीनवरच एक करडा ठिपका आणून बसवला. हा ठिपका नेमका हव्या त्या अक्षरावर येऊन बसतो. व्हॉट्सॲपवर कुणाचा फोटो आला तर ठिपका त्याच्या नाकावर. आमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने एकदा विचारलं, "पापा, यार, कंपनीने बटण दिलंय तर दाबा ना." त्यावर तिला वस्तू जपण्यावर भाषण ऐकावं लागलं. तिने हेडफोन लावले आणि त्यांचा आवाज वाढवला. अर्थात बटण दाबून.

ही माया फक्त स्वतःच्या बटणांवर आहे, हे सांगायला हवं. आम्ही नोएडात राहतो, चौदाव्या मजल्यावर. आमच्या सोसायटीतल्या लिफ्टचं बटण हाच माणूस किल्लीच्या टोकाने दाबतो, आणि लिफ्ट येईपर्यंत दाबतच राहतो. गाडी घेऊन निघाला की ऑफिस येईपर्यंत हॉर्नवरचा हात काढत नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मला या घरात आल्यावर नीट कळली.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण नवा फोन घेताना त्याने तसाच एक सासूबाईंनाही घेतला, आणि फोनबरोबर नियमही दिले. कडेची बटणं दाबायची नाहीत. आवाज कमी वाटला तर मला सांग, मी स्क्रीनवरून करून देतो.

सासूबाईंनी नियम मान्य केले, कारण ते मुळात त्यांचेच होते. नव्या भांड्यांवरची स्टिकरं वर्षानुवर्षं न काढणं, सोफ्याला कव्हर आणि त्या कव्हरवर आणखी एक चादर घालणं, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वापरणं, हे वळण त्यांच्याच हातचं. मुलगा आपल्याही पुढे गेला याचा त्यांना अभिमान होता. शेजारच्या पंजाबी बाईंना त्या हिंदीत सांगत, "मेरा बेटा चीजें बहुत संभालता है." ते खरंच होतं. चीजें.

सासूबाईंची बोटं म्हातारपणाने कोरडी पडली आहेत, स्क्रीनला ती बोटं वाटतच नाहीत. फोन घ्यायचा तर त्या आधी वाटीतल्या पाण्यात बोट बुडवत. तशी वाटी त्यांनी उशाशी ठेवलीच होती. रविवारी दुपारी जेवणं झाली की त्या फोन मांडीवर घेऊन बसत, कारण तेव्हा नागपूरहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे आमच्या मावशींचा फोन येई. लग्न करून दिल्लीत आल्यापासून सासूबाईंचं घरातलं बोलणं सासरच्यांसारखं पुणेरी झालं, बाहेरचं हिंदी झालं. बहिणीशी बोलताना मात्र त्या पुन्हा नागपूरच्या होत. "काय वं, काय करून राहिली?" अशी सुरुवात झाली की मी स्वयंपाकघरात हात थांबवून ऐकत असे. तेवढा अर्धा तास त्या कुणाच्या सासू नसत.

मग नवरा आठवड्यातले बरेच दिवस घरून काम करायला लागला. अमेरिकेतल्या लोकांशी त्याच्या मीटिंगा चालत, त्यात आईच्या फोनचा आवाज शिरतो म्हणून त्याने तो कमी करून ठेवला. पुन्हा वाढवायचं राहून गेलं. सासूबाईंनी एकदा जाऊन सांगितलं. त्याने स्क्रीनवरची नजर न हलवता हाताचा पंजा दाखवला, म्हणजे थांब. त्या थांबल्या. परत कधी गेल्या नाहीत.

मला हे माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की रविवारच्या फोनवर त्या हल्ली कमी बोलतात. "हो, हो. बरं. छान, छान." वय झालं, दुसरं काय, असं मला वाटलं.

उन्हाळा संपता संपता मावशींचा फोन यायचा बंद झाला. सासूबाई बोट ओलं करून बसायच्या, वाटीतलं पाणी बदलायच्या, आणि शेवटी फोन उशाशी ठेवून आडव्या व्हायच्या. लावून देऊ का म्हटलं तर म्हणायच्या, "नको, असेल कामात. येईल तिचा."

आला तो मावशींच्या सुनेचा, आणि तोही माझ्या फोनवर. ती नवऱ्याबरोबर कॅनडात असते. जरा घुटमळत तिने विचारलं, "वहिनी, तुमच्या सासूबाईंना आमच्या आईंचा काही राग आहे का?"

मी म्हटलं, "कसला राग? त्या तर दर रविवारी वाट बघतात."

मग तिने सांगितलं. मुलगा-सून न्यायला आले, मावशींनी नागपूरचं घर आवरलं आणि कायमच्या मुलाकडे गेल्या. जायचं विमान दिल्लीहून होतं, मधे दुपार ते संध्याकाळ मोकळी होती. हे त्यांनी बहिणीला रविवारी सांगितलं, पुढच्या रविवारीही सांगितलं, आणि बहीण म्हणाली, छान, छान. मुलाने विचारलं, आपण दादाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कळवू का? मावशी म्हणाल्या, कशाला, माझं बोलणं झालंय तिच्याशी. त्या दिवशी त्या टर्मिनलच्या बाहेर व्हीलचेअरवर बसून राहिल्या. आत चला म्हटलं तर ऐकेनात. सुनेच्या हाताने फोन लावून म्हणाल्या, मी आले वं, बाहेरच बसली आहे. सासूबाई म्हणाल्या, "बरं, बरं. आराम कर."

तो दिवस मला आठवतो. सासूबाई दिवाणखान्यात लसूण सोलत होत्या. गाडी खाली उभी होती. नवरा घरात होता, मी घरात होते. विमानतळ कितीसा लांब आहे इथून?

मी फोन ठेवला आणि सासूबाईंच्या खोलीत जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेव्हा नुसती खरखर ऐकू येत होती गं. मला वाटलं, दमली म्हणतेय." तोवर नवरा दारात येऊन उभा राहिला होता. मी त्याच्यासमोर सासूबाईंचा फोन उचलला, मावशींना स्पीकरवर लावला, आणि कडेचं बटण अंगठ्याने दाबून धरलं, पट्टी पार वर जाईपर्यंत. मला त्याचा इतका राग आला होता, की ते बटण तुटलं असतं तरी चाललं असतं.

तिकडे सकाळ होती. मावशींचा आवाज खोलीभर झाला.

"काहून नाही आली वं?" त्या म्हणाल्या. "मी किती वेळ गेटाकडे पाहून राहिली होती."

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती. "ऐकूच नाही आलं वं," त्या म्हणाल्या. "माझे कानच गेले आता."

कान शाबूत होते. बाथरूममधला नळ ठिबकला तर त्यांना इथे ऐकू येतो. पण मी काही बोलले नाही, कारण बोलण्याचा हक्क त्यांचा होता आणि त्यांनी तो मुलासाठी खर्च केला होता.

"मग आता ये इकडे," मावशी म्हणाल्या.

"मी कुठली येते त्या तिकडे. तूच ये."

"मी कुठली येते आता."

पलीकडून काही ऐकू येईना. फोन कट झाला असं सासूबाईंना वाटलं असावं. त्यांनी तो माझ्या हातून घेतला, कानाशी लावला, आणि कडेचं बटण चाचपून दाबायला लागल्या. आवाज आधीच जेवढा होतो तेवढा झाला होता. तरी त्या दाबत राहिल्या, पुन्हा पुन्हा, आणि म्हणत राहिल्या, "बोल वं. बोल ना. ऐकू येऊन राहिलं मला."