ओळंबाकाकांचा हात

प्रयोगशाळेत त्यांना सगळे ओळंबाकाका म्हणत, कारण त्यांचा हात गवंड्याच्या ओळंब्यासारखा स्थिर. काम म्हटलं तर एवढंच: केसाएवढ्या काचेच्या तंतूचं टोक लेसरसमोर धरायचं आणि पितळी स्क्रू फिरवत प्रकाश नेमका आत घालायचा. ज्यांनी करून पाहिलंय त्यांनाच ठाऊक, त्यात कसा घाम फुटतो.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचं संशोधन त्या प्रकाशावर. बेताचा असला की तो तंतूतून निमूट जातो. जोर वाढवला की त्यातलीच एखादी नगण्य थरथर त्याच प्रकाशावर पोसली जाते, वाढत जाते आणि शेवटी अखंड प्रकाशाचे तुकडे पडतात. पडद्यावरच्या आलेखात तेव्हा मधल्या शिखराच्या दोन्ही बाजूंना छोटी शिखरं उगवतात. मॅडमच्या हाताखाली शिकणारी मुलं म्हणत, शिंगं फुटली.

यंदा ती शिंगं टिकेनात. उगवत, बुडत, पुन्हा उगवत. काकांनी लेसरला नावं ठेवली, तंतू बदलला, टेबलाचे पाय तपासले. एरवी कुणी यंत्राला दोष दिला की हेच काका म्हणायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं." मुलांनी ते त्यांना ऐकवलं नाही. थट्टेची एवढी आयती संधी त्या कार्ट्यांनी सोडली, तिथेच काकांनी ओळखायला हवं होतं.

शेवटी त्यांना आपल्या डोळ्यांचाच संशय आला. चष्म्याचा नंबर तपासायला रजा घेतली. परत आले तर स्क्रूला एक छोटी मोटर जोडलेली, बटणावर चालणारी. पडद्यावर दोन्ही शिंगं ताठ उभी.

"लेसर बदलला का?" त्यांनी विचारलं.

"नाही, तोच आहे." मॅडम पडद्याकडेच पाहत होत्या. "काका, तुम्ही आता मुलांना शिकवा. बसून."

काकांचा उजवा हात टेबलाच्या कडेवर होता आणि अंगठा आपल्याच नादात हलत होता. त्यांनी हात खिशात घातला. कुणी अपमान केला असता तर भांडता तरी आलं असतं. इथे सगळे जपत होते, आणि तेच त्यांना सोसवेना.

संध्याकाळी घरी बायकोनं समोर चहा ठेवला. अर्धा कप. त्यांनी कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कधीपासून?"

कशाबद्दल, हे तिनं विचारलं नाही. "थंडी सुरू झाली तेव्हापासून."

"बोलली नाहीस."

"तुम्ही रोज येऊन लेसरवर चिडत होतात. म्हटलं, चिडू द्यावं."

त्यांचे डोळे भरून आले. डाव्या हातानं त्यांनी कप पुढे सरकवला. "पूर्ण भर."

तिनं काठोकाठ भरला. दोघं समोरासमोर बसून त्या कपाकडे पाहत राहिली. चहा निवून गेला, तरी त्यांनी उजवा हात खिशातून काढला नाही.