लेकीच्या ओटीचा नारळ

मैत्रिणींनो, आज लेकीला नांदेडच्या विमानतळावर सोडून आले. ती बंगळुरूला असते, चार दिवस माहेरपणाला आली होती.

निघताना ओटी भरली. नारळ, तांदूळ, हळकुंड खणात बांधून मीच तिच्या विमानात न्यायच्या बॅगेत ठेवलं. जागा होईना म्हणून मानेची उशी बाहेर काढली, तर म्हणाली, "आई, ती राहू दे. विमानात मान लई दुखते." मग दोन्ही कोंबून कशीबशी चेन लावली. गाडीत बॅग तिच्याजवळच होती, मागच्या सीटवर.

आत गेल्यावर तिचा फोन आला. "आई, नारळ न्हाई नेऊ देत म्हणं. सिक्युरिटीवाल्यांनी ओटीच काढून घेतली."

कंधार येईपर्यंत मी त्या सिक्युरिटीवाल्यांना शिव्या दिल्या. आमचे हे गाडी चालवत होते.

घरी येऊन गाडी झाडायला घेतली, तर मागच्या सीटखाली खण सापडला. मी मारलेली गाठ तशीच होती.

उशी मात्र विमानात गेली.

आत्ता तिचा मेसेज आलाय, पोचले म्हणून. खाली लिहिलंय, "नारळाचं लई वाईट वाटलं गं आई."

अजून उत्तर दिलं न्हाई. तुम्ही काय लिहिलं असतं?