वहिनींनी ट्रॉली रिव्हर्स घेतली!

मित्रहो, आज ढोकी गावात माझा ऊर भरून आला!

"मला ट्रॅक्टर शिकायचाय," असं सुनंदावहिनी म्हणाल्या, तेव्हा मी विचारलं होतं, "नेमकं काय जमलं की शिकलात म्हणायचं?"

"ट्रॉली रिव्हर्स घेऊन शेडच्या दारात लावायची. मग चावी माझी!"

बरेच दिवस सराव करून आज त्या ट्रॅक्टरवर बसल्या. ओट्यावरून त्यांचा नवरा, आमचा दादा, ओरडला, "अगं, भिंत पाडशील!"

"पाडली तर मीच बांधीन. तुम्ही गप बसा की!"

ट्रॉली आधी तिरकी गेली. वहिनींनी ट्रॅक्टर पुढं घेतला, पुन्हा मागं आणला आणि ट्रॉली बरोबर दारात लावली. चावी काढून कमरेला खोचली. दादाच टाळ्या वाजवत होता!

"शिकायचंय" ही नुसती इच्छा. दार ठरलं की तिचं ध्येय होतं. सांगा, तुमची ट्रॉली कोणत्या दारात लावायची आहे?