लेयर नंबर नव्व्याण्णव

"कुत्रा काढून टाका."

"कोणता?"

"कोणता म्हणजे? किती आहेत?"

"अकरा," ताई म्हणाल्या. "चौदा नकाशांत मिळून. मांजरं वेगळी."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "ताई, वरच्या ऑफिसातून फोन आला होता मला. स्पीकरवर, सगळ्यांसमोर! 'तुमच्या सांडपाण्याच्या नकाशात एक कुत्रा खांबाशी पाय उचलून उभा आहे, त्याचं काय करायचं?' काय सांगू मी त्यांना?"

"सांगा, त्याचं झालं की जाईल तो."

कोपऱ्यात फीत गुंडाळत बसलेला मोजणीवाला खोकला. हसू दाबायचं असलं की तो खोकतो.

"हसू नका! तुम्हीही सामील आहात यात."

"मी नुसती मापं आणतो, साहेब."

"कुत्र्याची?"

"समोर येईल त्याची."

साहेब ताईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि माणूस तसा वाईट नाही. पण उद्या सकाळी हे चौदा नकाशे पुन्हा वर पाठवायचे होते, तेही साफ करून. आणि साफ करायचे म्हणजे ताईंचं बावीस वर्षांचं काम एका बटणात पुसायचं. घरी कॉपी नेण्याचीही सोय नाही, कचेरीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांची पेनड्राइव्हची भोकं सील करून टाकलेली.

ताई पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांचे नकाशे काढतात. त्यांची खिडकी मागच्या भिंतीकडे उघडते, म्हणजे उघडून काही उपयोग नाही. स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून वर पुठ्ठा चिकटवलाय. माउसचं डावं बटण घासून घासून बोटाच्या आकाराचं झालंय.

चित्रकलेशी त्यांचं शाळेतच फाटलं. त्यांनी घोडा काढला होता, तो सरांनी वर्गाला उंच धरून दाखवला. "खुर्ची छान आलीय," म्हणाले. वर्ग आठवडाभर हसत होता. हात कापायचा, त्याला त्या काय करणार? पुढे पट्टीने रेघ सरळ येते एवढ्या भांडवलावर त्या नकाशे शिकल्या, नोकरीला लागल्या. मग कचेरीत कॉम्प्युटर आला. बाकीचे त्याच्याकडे पाहुणा किती दिवस राहणार अशा नजरेने बघत होते. ताईंनी पहिली रेघ ओढली आणि ती थरथरली नाही.

"पेन्सिलीला आधी माझा हात दिसतो," त्या मोजणीवाल्याला म्हणाल्या होत्या. "याला माझा हात दिसतच नाही, भाऊ."

कॉम्प्युटरमधला नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा. एका काचेवर रस्ते, एकीवर घरं, एकीवर नळ. त्यांना लेयर म्हणतात. प्रत्येकाला नंबर. दिव्यासारखा हवा तो लावायचा, नको तो मालवायचा. एका रिकाम्या दुपारी ताईंनी नव्व्याण्णव नंबरचा लेयर उघडला आणि नळावर एक बाई काढली. नकाशा वरून बघतो, म्हणून बाईही वरून: खांदे, अंबाडा, शेजारी बादलीचा गोल. एकास शंभर प्रमाणात खांदे चार मिलिमीटर. पण स्क्रीनवर मोठं करत गेलं की भांगसुद्धा दिसतो.

मग मोजणीवाला परत आला की त्याची झडती सुरू. "बादली कुठल्या हाताला होती? दोरीवर उड्या मारणाऱ्या मुली दोन की तीन? दोरी केवढी?" आधी तो वैतागला. महिन्याभराने ताईंनी न विचारताच दोरीचं माप सांगायला लागला.

घरीही तेच, नकाशातल्या माणसांसाठी घरच्यांची मापं. दुपारी नवरा सोफ्यावर आडवा झाला की ताई फीत घेऊन स्टुलावर.

"अगं, माप कशाला घेतेस? आहे मी अजून!"

"अहो, हलू नका. गुडघा हलला."

सासूबाईंची तक्रार वेगळी. "वरून काय काढतेस मला? तोंड कुठाय माझं?"

"नकाशा वरूनच असतो, आई."

"मग अंबाडा तरी मोठा काढ."

"आहे तेवढाच येणार."

जुन्या वस्तीचे हे चौदा नकाशे. नळ बदलले की नकाशे बदलायचे, आणि त्यांच्याबरोबर नव्व्याण्णवातली माणसंही. दोरीवरच्या मुलींपैकी एक आता त्याच नळावर पोराला अंघोळ घालते. छापायच्या आधी ताई तो लेयर न चुकता मालवायच्या. गेल्या महिन्यात ऐन छपाईत वीज गेली. कॉम्प्युटर पुन्हा लागला तो नव्व्याण्णवसकट, आणि घाईत ताईंनी पाहिलं नाही. साहेबांनी फोनवर बोलता बोलता चौदाही तावांवर सह्या ठोकल्या. वरच्या ऑफिसने शिक्के मारले. काल तिथे कुणीतरी चष्मा पुसला असावा.

"कला घरी करा ना, ताई," साहेबांचा आवाज मऊ झाला. "कोण नाही म्हणतंय?"

"ही गल्ली माझ्या घरात नाही, साहेब."

"बरं, मग मधला मार्ग. 'वर्दळीची माहिती' असं नाव देऊ या लेयरला. माणूस म्हणजे गोल, जनावर म्हणजे त्रिकोण. वरचे उलट खूश होतील."

"घ्या, ताई," मोजणीवाला हळूच म्हणाला. "काम तरी वाचतंय."

ताईंनी स्क्रीनवर एक कोपरा मोठा केला. "हिचा अंबाडा सुटलाय. एका हातात बादली, दुसऱ्या हाताने पिन शोधतेय. हिचा गोल करू?"

"कोणाला कळणार आहे?"

"मला."

"मग डिलीट करा! पाचच्या आत. हुकूम समजा."

"करते," ताई म्हणाल्या. मोजणीवाल्याने चमकून वर पाहिलं. ताईंनी नकाशाच्या उजव्या कोपऱ्यातला बदलांचा तक्ता उघडला. "पण सही झालेल्या नकाशातून एक रेघ जरी काढली तरी इथे नोंद लागते. काय काढलं, का काढलं, कोणी सांगितलं. तुमच्याच सह्या आहेत. सांगा, लिहिते. काय काढलं? बाई एक, बादलीसह. मुली तीन..."

"थांबा, थांबा. 'अनावश्यक रेषा' लिहा."

"कुठल्या ते लिहावं लागतं. मागच्या वर्षी गटाराच्या एका झाकणासाठी तुम्हीच मला तीनदा लिहायला लावलंत. मुली तीन, दोरीसह. झोपलेला इसम एक. कारण?"

"चुकीचं आहे म्हणून."

"कुठलं माप चुकलं? दाखवा, आत्ता दुरुस्त करते."

साहेब स्क्रीनवर वाकले. "मापाचं नाही हो... हे असं नसतं नकाशात."

"जागेवर आहे, साहेब," मोजणीवाला उठून उभा राहिला. खोकला नाही. "मी मोजलंय. माझीही सही आहे खाली."

ताईंची बोटं कीबोर्डवर तयार होती. 'कारण' या शब्दापुढे रेघ लुकलुकत होती.

"काय लिहू, साहेब?"

साहेबांच्या खिशात फोन वाजू लागला. त्यांनी काढून नाव पाहिलं, वरच्या ऑफिसचंच. पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. मग वाजणारा फोन हातात तसाच धरून ते दारातून बाहेर पडले.