कचऱ्याजवळची सायकल

जपानात निशी-कसाईला राहायला आलो तेव्हा आमचं अर्धं घर कचऱ्यातून उभं राहिलं. मोठा कचरा टाकायच्या दिवशी लोक पंखा, टेबल, अगदी चालू टीव्हीसुद्धा खाली ठेवून जायचे आणि आम्ही आयटीवाल्यांच्या बायका ते बिनदिक्कत उचलून आणायचो. त्याच सवयीने मी सोळा वर्षांच्या लेकीला म्हटलं, ती कचऱ्याजवळची सायकल घे, चांगली आहे की. टाकून दिल्याची चिठ्ठी तर लावलेली नाही, असं ती म्हणाली. मी म्हटलं, फार शहाणी झालीस.

आठवड्याभरात पोलिसांनी तिला रस्त्यात थांबवलं, सायकलचा नोंदणी नंबर तपासला. चोरीची निघाली. मी धापा टाकत चौकीत पोचले. जपानी मला दुकानापुरतंच यायचं. ती खाली मान घालून बोलत होती, पोलीस लिहीत होता. काय सांगितलंस, विचारलं तर म्हणाली, काही नाही. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

प्रकरण कौटुंबिक न्यायालयात गेलं; अल्पवयीन मुलांचे गुन्हे इथे तिथेच जातात. तिथल्या तपासनीस बाई फार गोड बोलायच्या, आणि गोड बोलणाऱ्यांचा मला मेला भरवसाच वाटत नाही. दुभाषी बाईंकडून कळलं, की सायकल आपणच स्टेशनबाहेरून उचलली आणि घरी थाप मारली, असं लेकीने कबूल केलंय. तुम्हाला काही ठाऊक होतं का, असं मला विचारलं गेलं. ह्यांच्या व्हिसाची, म्हणजे आम्हा सगळ्यांच्याच इथे राहण्याची, मुदत महिन्यावर आली होती. लेक माझ्याकडे बघत नव्हती. मी नाही म्हटलं.

सुनावणी न होताच प्रकरण मिटलं. हा गुन्हेगारीचा शिक्का नाही, कॉलेजात, नोकरीत कुणाला कळणार नाही, असं तपासनीस बाई म्हणाल्या. मग कागद फाडता का, मी विचारलं. पोलिसांकडे नोंद असते, पण ती बाहेर जात नाही, म्हणे. म्हणजे आहेच की! लेखी द्या, म्हणून मी अडूनच बसले. शेवटी लेकीने हात धरून मला बाहेर आणलं.

घरी येताना मेट्रोत मी तिला फैलावर घेतलं. खोटं का बोललीस?

"माझ्या मागे हे लागणार नाही, आई. तुझ्या मागे लागलं असतं."

मला लाज वाटली, आणि रागही आला. मी म्हटलं, "आणि मी खरं सांगून टाकलं असतं तर?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नसतंस सांगितलं."