अक्काचा धोटा

अक्काला भाषण सहन होत नसे. कुणी माईकसमोर उभं राहून घसा खाकरला, की ती पायाने चपला चाचपडायला लागायची. "याला सवाल कोन विचारनार?" एवढंच शेजारच्याला विचारायची, आणि विचारायची सोय नाही असं कळलं की भर सभेतून उठून चहाच्या गाडीवर जायची. सोलापुरात असं वागून निभावणं सोपं नाही. आमच्याकडे बारशालाही अध्यक्ष लागतो.

ती पूर्व भागातल्या विणकराच्या घरातली. घरात तेलुगू, कोर्टात मराठी, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. जन्मभर तिने कामगारांची वकिली केली. त्यामुळे साधं "जेवलीस का अक्का?" म्हटलं तरी "तू का विचारतोस?" असं उलटून यायचं. थिएटरात न लागणाऱ्या, चार मित्रांनी पदरमोड करून काढलेल्या चित्रपटांचा महोत्सव आम्ही सुरू केला, तेव्हा चित्रपटानंतरच्या चर्चा तिच्या गळ्यात घातल्या. सिनेमातलं तिला फारसं कळत नसे. पडद्यावर अंधार जरा जास्त वेळ राहिला, की ती खुशाल डुलकी काढायची. मी एकदा टोकलं, तर म्हणाली, "सिनेमा तुमी बघा बे. मी नंतर लोकं बघते."

पहिल्याच वर्षी तिने पाहुण्यांना व्यासपीठावरून खाली उतरवलं. दिग्दर्शक, कॅमेरामन, कुणीही असो, लोकांच्या खुर्च्यांच्या ओळीतच बसायचं. सत्कार बंद. "चादरीच्या गावात शालीचं काय कौतुक?" म्हणत तिने आणलेल्या शाली परत पाठवल्या. आमच्या खजिनदाराला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आणि मग धोटा आला. तिच्या वडलांच्या मागावरचा. आडवा दोरा पोटात घेऊन इकडून तिकडे पळणारा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला, हाताच्या घामाने काळा पडलेला लाकडी धोटा. तिचा नियम साधा होता. ज्याच्या हातात धोटा, तो बोलणार. बाकीचे गप्प. ज्याला प्रश्न विचारला, त्याच्याकडे तो हातोहात जाणार आणि उत्तर घेऊनच परत येणार. पहिला प्रश्न कायम शेवटच्या रांगेचा. "धोटा गेला आनि परत आलाच न्हाई, तर कापड कसं व्हनार?" असं ती म्हणायची. पुण्या-मुंबईचे पाहुणे सुरुवातीला हसायचे. नंतर कुणीतरी विचारायचं, तुमच्या सिनेमात गरीब माणूस एकदाही हसत का नाही, आणि पाहुणे हातातल्या धोट्याकडे बघत बसायचे.

मला तिने शिकवलेली खरी गोष्ट मात्र वेगळी. प्रश्न विचारला आणि उत्तर येईना, की माझा जीव कासावीस व्हायचा. मी मध्येच प्रश्न सोपा करायचो, विनोद करायचो, पाहुण्याची सुटका करायचो. अक्का माझ्या मांडीवर चापट मारायची. "एकदा विचारलं की गप बसायचं. तुला दया येती, त्येचा फायदा त्येला मिळतो." मी कितीतरी चापटा खाल्ल्या.

आमचं सभागृह ज्या ट्रस्टचं, त्याचे अध्यक्ष एका साखर कारखान्याचे संचालकही होते. त्यांना सगळं गाव साहेब म्हणायचं. एका वर्षी नातेपुत्याकडच्या एका मुलीने ऊसतोड करणाऱ्या, फडाजवळ पाचटाच्या कोप्यांत राहणाऱ्या बायकांवर केलेला चित्रपट आला. साहेबांचा निरोप आला की चित्रपट दाखवा, पण चर्चा नको. हवी तर दहा मिनिटं. अक्काने उलट निरोप धाडला की तुमीबी या. आणि ते आले. चित्रपट संपला, दिवे लागले. आमच्यातल्या काही पोरांना साहेबांना ओरडून खाली बसवायचं होतं. अक्काने त्या पोरांनाच दटावलं. नियम साहेबांनाही लागू, म्हणजे त्यांचंही ऐकून घ्यायचं.

चित्रपटातल्या दोन बायका शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. धोटा पहिल्यांदा त्यांच्याकडेच गेला. एक उठली आणि म्हणाली, "कारखान्यात गाड्या धुयाला पानी हाय. मंग आमच्या कोप्यांवर दोन-दोन दिस टँकर का येत न्हाय?" धोटा साहेबांच्या हातात पोहोचला. साहेब उठले, सदरा नीट केला आणि तरातरा बाहेर निघून गेले. रागाच्या भरात धोटाही घेऊन गेले.

आता धोट्याशिवाय बोलायचं नाही, हा तर नियम. आणि धोटा गाडीत. दुसरीकडे कुठे असती, तर सभा तिथेच मोडली असती. आमचे लोक तसेच बसून राहिले, दाराकडे बघत, चकार शब्द न काढता. मी कुजबुजलो, अक्का, आता काय? तिने चापट मारली. बऱ्याच वेळाने साहेब परत आले. गाडीत बसताना त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी धोटा पुढे केला. अक्काने हात मागे घेतला. "तुमच्या हातात हाय की. बोला." सगळं सभागृह बघत होतं. साहेब हळू आवाजात म्हणाले, "माझ्याकडे याचं उत्तर नाही." त्या बाईने मान डोलावली आणि धोटा परत मागून घेतला. त्या वर्षी आमची चर्चा चित्रपटापेक्षा लांबली.

मागच्या हिवाळ्यात अक्का गेली. मला अजून ते खरं वाटत नाही. चहाच्या गाडीपाशी गेलो की मान आपोआप वळते, आणि तिथे ती नसते याचा चक्क राग येतो.

शोकसभा त्याच सभागृहात झाली. व्यासपीठ, हार, तिचा मोठा फोटो, आणि ओळीने भाषणं. ती असती तर पहिल्या पाच मिनिटांत उठून गेली असती. शेवटी साहेब बोलायला उभे राहिले. अक्कांच्या स्मरणार्थ यापुढे महोत्सवात चर्चेऐवजी दरवर्षी एका मान्यवराचं व्याख्यान होईल, ट्रस्ट मान्यवरांचा यथोचित सत्कार करेल, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्यासुद्धा पडल्या. मेलेल्या माणसाचं तोंड त्याच्याच नावाने बंद करायची ही युक्ती बघून माझं डोकं सणकलं.

मी शेवटच्या रांगेत होतो. अक्का गेल्यापासून माझ्याकडे असलेला धोटा पिशवीत होता. तो काढून मी उभा राहिलो आणि विचारलं, "साहेब, व्याख्यानाला सवाल कोन विचारनार?" शब्द तिचेच होते. धोटा पुढच्या माणसाला दिला. रांगेमागून रांग करत तो व्यासपीठापर्यंत गेला आणि साहेबांच्या हातात पडला.

साहेबांनी तो ओळखला. त्यांनी फोटोकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मला पुन्हा दया यायला लागली, तोंडाशी काहीतरी सोपं, सावरून घेणारं आलंसुद्धा. मी स्वतःच माझ्या मांडीवर चापट मारली आणि बसून राहिलो.

"बरं," साहेब अखेर म्हणाले, "चर्चा ठेवू. पण दहा मिनिटं."

धोटा परत माझ्याकडे आला. शेजारच्या माणसाने केव्हाचा हात वर केला होता. धोटा मी त्याच्या हातात दिला.