मामांच्या डिझेलची किल्ली

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मागच्या हिवाळ्यात त्यांचा डावा गुडघा आखडला. क्लच दाबताना पाय अडायचा, आणि एकदा तर गाडी बांधावर चढली. गाडी विकून टाकायची असं घरच्यांनी ठरवलं आणि किल्ली आणायला मला पाठवलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुम्हीच जा. जावयाला ते नाही म्हणणार नाहीत." कारण लबाडीचं होतं. तरी मी निघालो.

इंदिरानगरच्या आमच्या घरापासून पिंपळगाव बसवंतच्या त्यांच्या मळ्यापर्यंत, रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. मळ्यात चहाचा कप हातात आला आणि तोंडून भलतंच निघालं. "मामा, तुमची डिझेल मी घ्यावी म्हणतो."

मामा खूश झाले. "मग आधी ही अन् तुमची पेट्रोल, दोन्ही चालवून बघा. बैल घेतानाबी चालवून बघतो आपण."

दोन्ही गाड्या सेकंडहँड, दोन्ही वयस्कर. मी डिझेलमध्ये बसलो, मामा शेजारी. क्लच दाबायला अख्खी मांडी लावावी लागली. सुरुवातीला गाडी ढिम्म; दुसऱ्या गिअरमध्ये मात्र मागून कुणी ढकलल्यासारखी सुटली. हायवेवर स्टिअरिंग जराही हललं नाही. सर्व्हिस रोडचे खड्डे तिने असे गिळले की मला माझ्या गाडीची आठवण येऊन अपराधी वाटलं. माझी पेट्रोल त्याच खड्ड्यांत प्रत्येक नट-बोल्टची हजेरी घेते. बागेच्या वळणावर मात्र डिझेल अडली. पुढे, मागे, पुन्हा पुढे.

"आता तुमची," मामा म्हणाले, आणि माझ्या गाडीत सरळ ड्रायव्हरच्या जागी बसले.

मी नको म्हणायला हवं होतं. "पाटापर्यंतच हां," एवढंच म्हणालो.

त्यांनी क्लच दाबला आणि माझ्याकडे बघितलं. "हा क्लच हाय का लोणी?"

पाटाच्या चढावर गाडीला धाप लागली. मामांनी एसी बंद केला. "दमली बिचारी. घरी खायला घालता का नाय?" मी तिची बाजू घेऊन काहीतरी पुटपुटलो. पण ज्या वळणावर डिझेल अडली होती, तिथून माझी एका दमात फिरली. मी रस्ता बघतच नव्हतो, त्यांचा गुडघा बघत होतो. तो कुठेच अडला नाही.

"गुडघा कसाय?" मी विचारलं.

"कोणता?"

मग मला राहवलं नाही. गाडी घ्यायला नव्हे, विकायला न्यायला आलोय, हे सांगून टाकलं.

"माहीत हाय. पोराचा सकाळीच फोन होता. दाजी येतायत, नीट बोला म्हणाला."

"मग मला चालवायला कशाला लावली?"

"जी विकताय ती कशी पळते, कळायला नको तुम्हाला?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. गाडी गेली की खत आणायलासुद्धा त्यांना कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसावं लागणार होतं. मळ्यात गाडी थांबली तशी मी किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. "ही ठेवा. ती मी नेतो. फक्त हायवेवर जायचं नाही."

मामांनी ती घेऊन पुन्हा जागेवर लावली. मग त्यांनी सीट थोडी पुढे ओढून घेतली.

घरी आलो तर बायको पार्किंगमध्येच उभी. "आणली किल्ली?"

"आणली. गाडीपण आणली."

"आणि आपली?"

उत्तर द्यायच्या आत तिचा फोन वाजला. मामा होते. तिने स्पीकर लावला.

"पोरी, खताच्या दुकानापाशी हाय मी. जावईबापूंना सांग, गाडी झ्याक हाय, पण हॉर्न लय बारीक. टेंपोवाले हलत नाय. बदलून घेऊ का?"

बायकोने फोनवर हात ठेवला. "अहो, तुम्हाला पाठवलं होतं कशाला?"

मी फोनकडे वाकलो. "मोठाच बसवा, मामा."